सरावाचा पाहुणा

विद्यापीठाच्या पर्यटन विभागात पहिल्या मजल्यावर एक हॉटेल होतं. त्यात खोली एकच, नंबर एकशे एक. गिऱ्हाईकही एकच. ते दिवसातून चार वेळा उतरायचं आणि मुक्काम एकदाही करायचं नाही.

हॉटेल कसलं, मूळची वर्गखोलीच ती. पुढची बाकं काढून लाकडी काउंटर बसवलेलं, त्यावर घंटी आणि वायर नसलेला टेलिफोन. मागे किल्ल्यांचा फळा. त्याला तीस खिळे, पण किल्ली एकाच खिळ्याला. भिंतीवर चार देशांच्या वेळा दाखवणारी चार घड्याळं, त्यातली दोन बंद. मागच्या अंगाला फळ्या ठोकून केलेल्या खोलीत एक पलंग, एक आरसा आणि खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र. पर्यटनाची पदवी घ्यायला आलेली मुलं इथे पाहुणचार शिकायची. इंग्रजीत.

गिऱ्हाईक म्हणजे सहासष्ट वर्षांचे एक गृहस्थ. सगळा विभाग त्यांना ‘पाहुणे’ म्हणायचा. शिपाई जिन्यात भेटला की विचारायचा, “काय पाहुणे, आज कितव्यांदा आगमन?” पाहुणे म्हणायचे, “तिसऱ्यांदा. आणि चहा अजून कोणी विचारला नाही.” बॅग घेऊन दारातून आत यायचं, काउंटरपुढे उभं राहायचं आणि मुलं जे विचारतील त्याला उत्तर द्यायचं, एवढंच त्यांचं काम. कधी खूष पाहुणा, कधी चिडका, कधी बहिरा, कधी किल्ली हरवलेला. शेवटी एका कागदावर मुलांना गुण द्यायचे आणि खाली सही करायची. बॅगेत रद्दी भरलेली असायची, कारण रिकामी बॅग उचलणाऱ्याचा चेहरा खोटा दिसतो, असं विभागप्रमुख बाईंचं म्हणणं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. या हिशेबाने पाहुण्यांची अक्कल केव्हाच गेली असणार, कारण ते तिथे तीन वर्षं टिकून होते.

त्याआधी नोकरीची एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. तिथे त्यांचं सगळं भांडवल म्हणजे एक शब्द: नाही. “गाडी गेली.” “आज नाही.” “तिथे थांबत नाही.” एक घाव दोन तुकडे. लोक चिडायचे, खिडकीवर हात आपटायचे, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पण न येणाऱ्या गाडीची वाट बघत एकही माणूस त्यांनी कधी ताटकळत ठेवला नाही, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात म्हटलं, “यांनी हजारो माणसं मार्गाला लावली.” पाहुण्यांना हसू आलं, कारण ते स्वतः एकाही लांबच्या गाडीत कधी बसले नव्हते. वेळापत्रक तेवढं तोंडपाठ होतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत बायको गेली. त्यानंतर चार महिन्यांनी एकुलता एक मुलगा परदेशी शिकायला गेला. काय शिकायला? पर्यटन. इंग्रजीत. आणि पाहुण्यांचं घर तर त्या विभागापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

ही इंग्रजीतली पर्यटनाची पदवी म्हणजे केवढा बाजार आहे, ते पाहुण्यांना आत शिरल्यावर कळलं. जगात जिथे बघाल तिथे ती मिळते. ज्या गावात चुकूनही कोणी फिरायला जात नाही, तिथे तर हमखास मिळते. देशोदेशी शिक्षणाचे मेळावे भरतात, विद्यापीठं टेबलं मांडून बसतात आणि दलाल पोरांना विचारतात, बोल, कुठे पाठवू? एक विद्यापीठ म्हणतं आमची फी कमी, दुसरं म्हणतं आमच्याकडे समुद्र, तिसरं म्हणतं शिकून झाल्यावर दोन वर्षं इथेच राहा आणि नोकरी करा. या तिसऱ्यापुढे बाकीचे सगळे पाणी भरतात. मग व्हायचं काय, तर पाहुण्यांच्या गावची पोरं ही पदवी घ्यायला परदेशी जायची, आणि परदेशची पोरं तीच पदवी घ्यायला पाहुण्यांच्या गावी यायची. पुस्तकसुद्धा तेच, निळ्या पुठ्ठ्याचं, वर बॅगेचं चित्र. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

पहिल्या वर्षी बाईंनी पाहुण्यांना गवती टोपी घालून, हातात बॅग देऊन त्यांचा हसरा फोटो काढला आणि विभागाच्या माहितीपत्रकावर छापला. तो चाळीस देशांतल्या मेळाव्यांत फिरून आला. ज्या माणसाने गावाची वेस ओलांडली नाही, त्याचा चेहरा बघून तिकडची पोरं इकडे यायचं ठरवत होती. शिपायाने ते माहितीपत्रक जिन्यात चिकटवून त्याखाली लिहिलं होतं, ‘या इसमापासून सावध राहा.’ पाहुण्यांनी ते काढू दिलं नाही.

काम त्यांनी का धरलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरगा तिकडे दिवसभर काय करतो, ते त्यांना बघायचं होतं. भिंतीवरच्या चालू असलेल्या दोन घड्याळांपैकी एकावर पोराच्या देशाची वेळ होती. काउंटरपुढे उभं राहिलं की ते बरोबर समोर यायचं. आत्ता तो कामावर निघाला असेल, आत्ता उभा असेल, आत्ता पाय दुखत असतील. आणि दुसरं कारण सांगायला त्यांना लाज वाटली असती. “प्रवास कसा झाला, सर?” हे मुलं त्यांना दिवसातून चार वेळा विचारायची. बाकी सगळ्या जगात त्यांना असं विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून रोज सकाळी दाढी करताना ते त्या दिवसाचा प्रवास ठरवायचे: आज घाटातून आलो, गाडी तापली, वाटेत अर्धा तास थांबली. वेळापत्रक पाठ होतं, ते शेवटी असं कामी आलं.

काउंटरच्या आतल्या बाजूला एक पिवळा तक्ता चिकटवलेला होता. आधी आपुलकीने अभिवादन करा. पाहुण्याला संबोधून बोला. मधे तोंड न घालता ऐका. त्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणा. ‘नाही’ कधीही म्हणू नका, ‘काय करता येईल ते बघतो’ असं म्हणा. आणखी काही हवंय का, विचारा. आणि सगळ्यात खाली: फोन आधी पाहुण्याने ठेवायचा, आपण नाही. पाहुण्यांनी त्याची एक प्रत घरी नेली, शब्दकोश घेऊन अर्थ लावला आणि फ्रिजवर डकवली. इंग्रजी ते असंच शिकले, तक्ता वाचून आणि मुलांचं ऐकून. पोराला याचा पत्ता नव्हता. बाप कुठेतरी ‘बसायला जातो’, एवढंच त्याला माहीत होतं.

मुलगा दर रविवारी चारला फोन करायचा, अगदी नेमाने. एका रविवारी पाहुणे स्वयंपाकघरात उभे राहून बोलत होते.

“बाबा, आवाज ऐकून बरं वाटलं. कसे आहात?”

“बरा आहे. गिझर गळतोय.”

“अरेरे, त्रास झाला असेल तुम्हाला. म्हणजे गिझर पुन्हा गळायला लागलाय, बरोबर?”

“तेच म्हणतोय ना मी.”

“मी बघतो काय करता येईल ते. आणखी काही, बाबा?”

पाहुण्यांची नजर सहज फ्रिजवर गेली. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली आणलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. एकही सुटलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. रागही आला, पण काढायचा कोणावर? पोरगा काही खोटं बोलत नव्हता. रोज नऊ-नऊ तास तेच बोलून त्याच्या जिभेला तेच वळण लागलं होतं, आणि घरचा फोन म्हणून ते सुटत नव्हतं. तक्त्यावरचा शेवटचा नियम तेवढा तो पाळायचा नाही. “बरं बाबा, ठेवतो,” असं म्हणून फोन नेहमी तोच आधी ठेवायचा.

हे एकदा कळलं आणि दर रविवारचा फोन पाहुण्यांना जड जायला लागला. बोलायला ते तोंड उघडायचे आणि आपण पुन्हा काउंटरपुढे बॅग घेऊन उभे आहोत असं त्यांना वाटायचं. पण फोन आला नाही तर काय, या विचाराने शनिवारपासूनच ते फोन जवळून हलवायचे नाहीत.

मग थोरल्या बहिणीने फास आवळला. ती दुसऱ्या गावी राहायची आणि बोलण्यात भावाच्या वरचढ होती.

“अरे, किती दिवस भिंतींशी गप्पा मारणार आहेस? माझी वरची खोली रिकामी आहे. ये उठून.”

“ताई, पोरगा परत आला तर इथे घर नको?”

“येणार असेल तर तू तिथेच राहा, मी काही बोलणार नाही. पण तो येणारे का? विचारलंस त्याला?”

पाहुण्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“म्हणजे नाही विचारलंस. हे बघ, शनिवारपर्यंत सांग. नाहीतर धाकटी आणि जावईबापू तिथे राहायला यायचं म्हणतायत. तुझ्यासाठी मी लेकीला अडवून ठेवलंय, तिलाही किती दिवस ताटकळत ठेवू?”

ताईचं चुकत नव्हतं. पोराची खोली पाहुण्यांनी चार वर्षं जशीच्या तशी ठेवली होती. दर पंधरा दिवसांनी चादर बदलायचे, आणि विभागात शिकवतात तशा तिच्या कोपऱ्यांना तिरक्या घड्या घालून गादीखाली खोचायचे. उशाशी घडी केलेला टॉवेल. वर्गात बाई शिकवायच्या, कच्चं बुकिंग असेल तर खोली संध्याकाळी सहापर्यंत धरायची, पाहुण्याकडून पक्कं झालं नाही तर सोडून द्यायची; धरलेल्या खोलीत ना तो राहतो, ना दुसरा कोणी. दर वेळी हे ऐकताना पाहुण्यांना घरची ती चादर आठवायची आणि ते समोरच्या समुद्राच्या चित्राकडे बघायला लागायचे.

विचारायला घाबरायचं कारण जुनं होतं. जायच्या आधी पोराने विचारलं होतं, “बाबा, जाऊ का?” बायको जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. आयुष्यभर लोकांना तोंडावर ‘नाही’ म्हणणारा हा माणूस त्या दिवशी म्हणाला, “तुझं तू बघ.” जिथे म्हणायला हवं होतं, नेमकं तिथेच ‘नाही’ तोंडातून निघालं नाही. तेव्हापासून पोरापुढे ते ताकाला जाऊन भांडं लपवायचे. खोलीचा पंखा आवाज करतोय, दुरुस्त करून ठेवू ना? तुझी सायकल गंजतेय, कोणाला देऊन टाकू का? पोरगा म्हणायचा, राहू दे ना बाबा, मी सुट्टीचं बघतो.

त्या रविवारी मात्र त्यांनी धीर केला.

“एक विचारू? परत येणार आहेस का तू? कायमचा?”

 पलीकडून आवाज आला, मऊ आणि नीट.

“मला कळतंय बाबा, तुम्हाला काळजी वाटते. तुम्ही विचारताय की मी परत येणार का. मी बघतो काय करता येईल ते.”

चौथं आणि पाचवं, पाहुणे मनात म्हणाले.

बुधवारी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. “बसा, पाहुणे.”

“बसायला सांगताय म्हणजे बातमी वाईट आहे.”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पहिल्या वर्षाच्या गटाचा फोटो भिंतीवर लावला होता, त्यात अकरा देशांची चौतीस मुलं होती. यंदा पाच उरली होती. “शेजारच्या देशाने शिक्षणानंतर राहायची परवानगी दोनाची तीन वर्षं केली,” बाई म्हणाल्या. “दलालांनी सगळी मुलं तिकडे वळवली. आता आपण शिकवणार ते घरबसल्या. संगणकाच्या पडद्यावरचा पाहुणा घेतलाय. मुलं आपापल्या देशातून त्याच्याशी बोलून सराव करतील.”

“त्याला रागावता येतं?”

“छत्तीस प्रकारे.”

“मग माझ्यापेक्षा बराच. मला चारच येतात.”

बाई हसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. “शुक्रवारची परीक्षा तेवढी घ्या. पुढे आपण तुमच्यासाठी काहीतरी बघूच.” बघूच म्हणजे काय, हे त्या इमारतीत पाहुण्यांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली.

परीक्षेचा प्रसंग सगळ्यांना एकच होता. पाहुणा लांबून आलाय, बुकिंग केलंय म्हणतो, पण नोंद सापडत नाही आणि हॉटेल भरलेलं आहे. पहिल्या चौघांनी तक्ता घोटून पाठ केला होता. बघतो सर, विचारतो सर, आपण बसा सर. पाहुणे चार वेळा चिडले, चार वेळा शांत झाले आणि चौघांनाही त्यांनी दहापैकी आठ दिले.

पाचवी, मरून रंगाच्या स्वेटरवाली मुलगी. तीन वर्षांत पाहुणे तिच्यापुढे किमान दोनशे वेळा उतरले असतील. कुठल्या लांबच्या देशाची होती ती; फी कमी, म्हणून इथे आलेली. पाहुणे बॅग घेऊन आत आले. खरं तर ते शेवटचं आगमन होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत असावं.

“प्रवास कसा झाला, सर?”

“लांबचा झाला,” पाहुणे म्हणाले. प्रवास ठरवायला ते त्या दिवशी विसरले होते. “खोली ठेवलीय ना माझी?”

मुलीने वही चाळल्यासारखं केलं. मग वही मिटली.

“नाही, सर. खोली नाही. आणि होणारही नाही. मी तुम्हाला बघते म्हणाले तर तुम्ही तासभर उभे राहाल आणि शेवटी खोली नसेलच. बॅग खाली ठेवा. पाणी प्या. मग जिथे जाल तिथला रस्ता मी सांगते.”

कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. पाहुण्यांनी बॅग खाली ठेवली. आता चिडायची पाळी त्यांची होती, प्रसंगात तसं लिहिलं होतं, पण चिडायला काही सापडेना. ते पाणी प्यायले.

बाहेर जिन्यात ती भिंतीला टेकून उभी होती. “नापास केलंत?” तिने विचारलं.

“का म्हणालीस तसं?”

तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण पाहुण्यांना समजलं. तिची आई रोज विचारायची, कधी येतेस? ही रोज सांगायची, बघते. “मला आता त्या शब्दाची शिसारी आलीय,” ती म्हणाली.

“मग आईला सरळ नाही का सांगत नाहीस?”

ती जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत म्हणाली, “नाही म्हटलं तर ती माझी वाट बघायची थांबेल. मग माझी वाट बघणारं कोण राहिलं?”

 पाहुण्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण पाहुण्याने तसं करायचं नसतं. ते आत गेले आणि कागदावर दहापैकी दहा लिहून सही केली.

“पाहुणे, हे काय?” बाई म्हणाल्या. “तिने पाचवा नियम सरळ धाब्यावर बसवला.”

“तिने मला ताटकळत ठेवलं नाही, बाई.”

“पण नियम...”

“एकतीस वर्षं मी तेच काम केलंय. तेवढ्या एका गोष्टीचे गुण मला देता येतात.”

बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. “राहू दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “आता हे बघायला येतंय तरी कोण?” शिपायाने पाहुण्यांना चहा दिला. बॅग बरोबर नेऊ का, असं त्यांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, न्या की.

शनिवारी पाहुणे उठले आणि सवयीने दाढी करायला आरशापुढे गेले. आज कुठून आलो, असा विचार करू लागले, आणि आज कोणी विचारणार नाही हे आठवलं. दाढी तशीच अर्धवट सोडून ते पोराच्या खोलीत पलंगावर जाऊन बसले. चादरीवर एक सुरकुती नव्हती. घर इतकं शांत होतं की गिझरचे थेंब मोजता येत होते, आणि त्यांनी ते मोजले.

दुपारी बाराला त्यांनी कपाटातून पोराच्या हॉटेलचं माहितीपत्रक काढलं. नोकरी लागली तेव्हा त्याने हौसेने पाठवलं होतं. खाली रिसेप्शनचा नंबर होता. तिकडे सकाळ असणार, पोरगा काउंटरवर असणार. पाहुण्यांनी एक-एक आकडा बघून लावला. दोनदा घंटी वाजली.

“शुभ सकाळ. मी आपली काय मदत करू?” पोराचाच आवाज. इंग्रजीत. रविवारच्या फोनपेक्षा ताजा.

“शुभ सकाळ,” पाहुणेही इंग्रजीतच म्हणाले. “एका बुकिंगबद्दल विचारायचं होतं.”

“जरूर, सर. आपला आजचा दिवस कसा चाललाय?”

बापाचा आवाज त्याने ओळखला नव्हता. कसा ओळखणार? त्या भाषेत बाप त्याने कधी ऐकलाच नव्हता.

“बरा चाललाय,” पाहुणे म्हणाले. “बुकिंग तुमच्या हॉटेलात नाही. माझ्याकडे आहे. माझ्याकडे खोली एकच. एका पाहुण्यासाठी ती मी चार वर्षं धरून ठेवलीय. बुकिंग कच्चं आहे. पक्कं करायचं का सोडून द्यायचं, तेवढं विचारायला फोन केला.”

 पलीकडे मागे कुठेतरी बॅगांची चाकं फरशीवरून गेली.

“बाबा?”

“हो.”

“तुम्ही... इंग्रजी कधी शिकलात?”

“तुझ्याच पुस्तकातल्या तक्त्यावरून शिकलो थोडं.”

“बाबा, मी ड्युटीवर आहे. उद्या रविवार, उद्या चारला...”

“माहीत आहे. म्हणून तर इथे केला. इथे तुला आधी फोन ठेवता येत नाही.”

“बाबा, मी बघतो काय...”

“बघतो नको. तीन वर्षं मी रोज चार वेळा तेच ऐकलंय. तिच्याकडे राहायला येतो की नाही, ते आज ताईला सांगायचंय. खिडकीत बसून मी इतक्या लोकांना नाही म्हटलं, कोणी मेलं नाही त्याने. मीही मरणार नाही. तू म्हण.”

 पाहुणे थांबले. मधे तोंड न घालता ऐकायचं असतं.

“नाही,” तो म्हणाला. लहानपणी काहीतरी फोडल्यावर दाराआडून बोलायचा, तसा आवाज झाला होता. “नाही येणार, बाबा. मी इथेच राहायचं ठरवलंय. दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.”

“बरं,” पाहुणे म्हणाले. त्यांनी भिंतीला हात टेकला. उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं, तरी ते कानाने ऐकणं वेगळं होतं.

“रागावलात?”

“नाही. वाईट वाटलं.”

“मला पण,” तो म्हणाला. हे तक्त्यात कुठेच नव्हतं. “मग आता आत्याकडे जाणार?”

“जाईन.”

“माझी खोली?”

“सोडली. आत्ताच सोडली.”

 मग पोरगा अगदी हळू म्हणाला, “म्हणजे आता तुम्ही माझी वाट नाही बघणार.”

पाहुण्यांना जिन्यातली मरून स्वेटरवाली आठवली. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी काउंटरवरची घंटी वाजवली, पुन्हा वाजवली.

“बाबा, समोर माणसं उभी आहेत. ठेवा ना फोन.”

“तू ठेव.”

“मला नाही ठेवता येत. आधी तुम्ही ठेवायचा असतो.”

“माहीत आहे मला,” पाहुणे म्हणाले, आणि खुर्ची ओढून, फोन तसाच कानाला धरून बसून राहिले.